सहा किलोचा पाईप

मी एक जुना पीव्हीसी पाईप आहे, मित्रांनो. रंगाने करडा, मनगटाएवढा जाड आणि आता मधोमध फाटलेला. माझ्या अंगावरची छापील अक्षरं मातीने पुसली, पण 'सहा किलो' एवढं अजून वाचता येतं. सहा किलो दाबाचं पाणी मी सोसतो, असा त्याचा अर्थ. पाण्याचं म्हटलंय, हे मात्र कोणी वाचत नाही.

सिन्नरच्या एका कारखान्यात पांढरी भुकटी वितळवून मला घडवलं. तिथून मी पेठ तालुक्यात वाल्मीकभाऊंच्या शेतावर आलो. विहिरीपासून आंब्याच्या बागेपर्यंत आम्ही भावंडं मातीखाली रांगेने निजलो. वाल्मीकभाऊंची जोडणी बघण्यासारखी असायची. पेंढ्याचा जाळ करायचा, माझं तोंड त्यावर शेकायचं, मऊ पडलं की दुसऱ्याचं टोक आत सारायचं. "वाल्मीकचा जोड गळायचा नाय," असं गाव म्हणायचं आणि मलाही मोठा अभिमान वाटायचा. पुढे नवी लाईन आली. मला उकरून गोठ्यामागे टाकलं. कोंबड्या माझ्यावर बसून निवांत घाण करत. पाणी कसं लागतं तेही मी विसरत चाललो होतो.

वाल्मीकभाऊंची लेक तेजल पोलीस भरतीची तयारी करत होती. रोज पहाटे ती गोठ्यावरून पळत जायची आणि घामाघूम होऊन परत यायची. लेखी परीक्षा नंतर, आधी नाशिकला मैदानी चाचणी. वयाच्या अटीत ती या वर्षापुरतीच बसत होती. यंदा हुकलं की कायमचं हुकलं, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून कोणी ते बोलून दाखवत नव्हतं.

नेमका चाचणीच्याच आठवड्यात घरच्या जीपचा होज, म्हणजे इंजिनाला हवा नेणारी रबरी नळी, फाटला. टर्बो नावाचं यंत्र हवा दाबून इंजिनाकडे ढकलतं. दाबलेली हवा भयंकर तापते, म्हणून आधी ती इंटरकूलरमध्ये गार होते. फाटला होता तो टर्बो आणि इंटरकूलर यांच्यामधला, सगळ्यात तापणारा होज. पेठच्या स्टँडजवळचा गॅरेजवाला रवी म्हणाला, "वाल्मीकभाऊ, लोखंडी पाईप नको, आतून गंजतो आन् गंज इंजिनात जातो. ॲल्युमिनियमचा बनवून घेऊ, सांध्यांना सिलिकॉनचे तुकडे लावू. नाशिकहून यायला तीन-चार दिवस लागतील."

"परवा पोरीचं ग्राउंड हाय," वाल्मीकभाऊ म्हणाले. "टर्बोचा दाब किती?"

"दीड किलो असंल."

"मंग माझ्या घरी सहा किलोचा पडलाय."

रवीने मान हलवली. "दाबाचं नाय हो भाऊ, तापायचं हाय."

"आरं, चौपट ताकदीचा पाईप हाय. पाणी हवेपेक्षा जड का हलकं?"

रवीने आणखी वाद घातला नाही. "तुमची मर्जी," म्हणून तो चहाला निघून गेला. मित्रांनो, ज्या माणसाने आयुष्यभर मला जाळावर शेकून मऊ केलं, तोच हे बोलत होता. मला तोंड होतं, दोन होती, पण एकातूनही शब्द फुटेना.

मला कापलं आणि क्लिपा आवळून बसवलं. बाजारापर्यंत एक फेरी झाली, तेव्हा मी कसाबसा टिकलो. वाल्मीकभाऊंनी बॉनेटवर थाप मारली, "बघ तेजू, जुनं ते सोनं." पोटात मी तेव्हाच मऊ पडू लागलो होतो.

चाचणीच्या पहाटे घाट लागला. जीपने चढ घेतला आणि टर्बोने फुंकर नव्हे, आगच ओतली. पाण्याची सवय असलेल्या माझ्या अंगाला ती सोसवेना. मी स्वतःलाच धर धर म्हणत होतो. फुगलो, वाकलो आणि फाटलो. मोठा आवाज झाला, मागे काळा धूर पसरला आणि जीप बैलगाडीच्या चालीने रांगू लागली.

वाल्मीकभाऊंनी बॉनेट उघडलं. माझ्या फुगलेल्या पोटाकडे ते वाकून बघत राहिले. जाळावर शेकलेला पाईप कसा दिसतो, ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत?

"हे तर मला कळायला पायजे होतं," ते पुटपुटले. त्यांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी माझ्याभोवती गुंडाळली, वर तार आवळली. पहिल्याच वळणावर मी पुन्हा सुटलो. भाजीची एक पिकअप हात दाखवूनही थांबली नाही. एसटी गच्च भरून पुढे गेली. मग मला उपसून तेजलच्या पायाशी टाकलं आणि धूर ओकत जीप तशीच निघाली. तेजल वाटभर एकच म्हणत होती, "होईल अण्णा, पोचू आपण."

पोचलो. मैदानाचं फाटक बंद होतं.

वाल्मीकभाऊ मला उचलून पहाऱ्यावरच्या हवालदाराकडे धावले. "साहेब, हे बघा, हा फुटला. पोरीचा काय दोष नाय. चूक माझी हाय, हा पाईप मी लावला."

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने मला हातात घेऊन नीट पाहिलंसुद्धा. "काका, वेळ संपली की माझ्याही हातात नसतं. सकाळपासून तुमच्यासारखे कितीतरी परत पाठवले."

वाल्मीकभाऊ त्याच्या पाया पडायला वाकले, तेव्हा तेजलने त्यांचा दंड धरला. "नका अण्णा. उठा."

आत भोंग्यावर नावं पुकारली जात होती. एक नाव आलं, "तेजल वाल्मीक." दुसऱ्यांदा आलं. तिसऱ्यांदा आलं. फाटकाबाहेर उभ्या तेजलने, कोणालाच ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हटलं, "हजर."

आत पुढचं नाव पुकारलं गेलं.

मित्रांनो, मला दगड मारा, भट्टीत घाला, मी काही म्हणणार नाही. पण कोणतीही वस्तू कामाला लावण्याआधी ती किती सोसते एवढंच पाहू नका, काय सोसते तेही विचारा. मी दुबळा नव्हतो हो. मी पाण्याचा होतो.