माझ्या पोटातली शेगडी

मी एक जीप बोलतेय. जुनी, डिझेलवर चालणारी, कापडी हुडाची. झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये जनार्दनरावांच्या अंगणात माझा मुक्काम असतो.

माझं तरुणपण सरकारी साहेबांना खडकाळ रस्त्यांवरून हिंडवण्यात गेलं. पुढे लिलावातून जनार्दनरावांनी मला घरी आणलं. ते कारखान्यात इंजिनिअर होते. हातात पाना असला की त्यांना जेवणाची आठवण राहत नसे, आणि पाना खाली ठेवला की मी सुरू होत नसे. अशी आमची जोडी जमली.

झाशीचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक असतो. हिवाळ्याबद्दल कोणी बोलत नाही. जानेवारीत इथे असं धुकं पडतं की अंगणातून फाटक दिसत नाही. माझ्या हुडाला जितक्या फटी, तितक्या दिशांनी वारा आत येतो. गेल्या हिवाळ्यात जनार्दनरावांच्या पत्नी, इंदूबाई, माझ्यात बसून दतियाला लग्नाला गेल्या. उतरल्या तेव्हा गाल इतके गारठले होते की त्यांच्या लेकीच्या सासूबाई समोर आल्या तरी इंदूबाईंना हसता येईना. त्या सासूबाई वर्षभर फुगून होत्या.

"अहो, यापुढे थंडीत मी या खटाऱ्यात बसणार नाही," इंदूबाईंनी सांगून टाकलं.

मुलगा निशांत नोएडाला असतो. त्याला मराठी सगळी समजते, पण तोंडात हिंदी आधी येते. यंदा जानेवारीत तो फोनवर म्हणाला, "बाबा, बेच दो ना. माझ्याकडे एक ग्राहक आहे. पुढच्या रविवारी बघून जाईल."

"येऊ दे," इंदूबाई म्हणाल्या.

जनार्दनराव बाहेर येऊन बराच वेळ माझी काच पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

त्यानंतर काही दिवसांनी घरी एक खोकं आलं. आत डिझेलवर चालणारा हीटर होता. माझ्याच टाकीतलं थोडं डिझेल घ्यायचं, स्वतःच्या पोटात जाळायचं, धूर नळीने बाहेर सोडायचा आणि आत गरम हवा फुंकायची, हे त्याचं काम. इंजिन बंद असलं तरी चालतो म्हणे. मला जरा अपमान वाटला. आजवर माझ्यात जे काही जळलं, ते मीच जाळलं होतं.

तो बसवायला रघुनाथ मिस्त्री आले. माझ्या तळाला भोक कुठे पाडायचं यावर दोघांचा वाद झाला, तोही माझ्याच खाली आडवं पडून.

"बाबूजी, यहाँ ठीक रहेगा."

"तिथे चेसिस आहे, रघुनाथ."

"तो फिर वहाँ."

"तिथे माझा पाय आहे."

शेवटी भोक पडलं. हीटर बसला, नळ्या जोडल्या, बटण दाबलं. काहीच झालं नाही. डिझेल ओढणारा पंप उलटा लागला होता. तो सुलटा केला आणि पुन्हा बटण दाबलं, तर माझ्याखालून पांढऱ्या धुराचा लोट निघाला. शेजारच्या स्नेहलताजींनी तो पाहिला आणि त्या भरलेली बादली घेऊन धावत आल्या. पाणी त्यांनी नेम धरूनच फेकलं. ते सगळं रघुनाथच्या अंगावर गेलं.

तेवढ्यात धूर थांबला आणि आतून ऊबदार हवा यायला लागली. हीटरची पहिली परीक्षा रघुनाथचा शर्ट वाळवण्यात झाली.

त्या शुक्रवारी ग्वाल्हेरला मुग्धाच्या मुलीचं बारसं होतं. मुग्धा म्हणजे यांची लेक. धुक्यामुळे रेल्वेगाड्यांचा पत्ता नव्हता, टॅक्सीवाले नाही म्हणत होते. नातीसाठी इंदूबाई माझ्यात बसल्या. दोन स्वेटर, शाल, कानटोपी आणि वर रजई. दतिया येईपर्यंत रजई मागे गेली, मग शाल, मग एक स्वेटर. तोंडाने मात्र त्यांनी काही कबूल केलं नाही.

डबरा गावाच्या अलीकडे रस्त्यात ट्रक आडवा झाला होता. रांग लागली. आमच्या मागे फुलांनी सजवलेली गाडी होती. तिचं पेट्रोल संपत आलं होतं म्हणून त्यांनी इंजिन बंद ठेवलं होतं. आत नवी नवरी थंडीने थरथरत होती.

इंदूबाई उतरल्या आणि त्यांनी काचेवर टकटक केली. "बेटा, हमारी गाड़ी में आ जाओ. गरम है."

नवरी आली. तिच्यामागून नवऱ्याची मावशी, मग आजोबा, मग दोन काका. दार लागलं तेव्हा नवरदेव बाहेरच राहिला होता. फेटा सांभाळत तो माझ्या काचेला हात लावून ऊब घेत होता.

नवरी मान खाली घालून म्हणाली, "उन्हें भी बुला लीजिए."

मावशीला हसू आवरेना. काका सरकले, नवरदेव आत ठेवलेल्या स्टेपनीवर बसला. इंदूबाईंनी बारशासाठी केलेले तिळाचे लाडू बाहेर काढले. ग्वाल्हेरला डब्यात फार थोडे पोचले. आम्ही पोचेपर्यंत आत्याने बाळाच्या कानात नाव सांगायचं थांबवून धरलं होतं. मुग्धाच्या सासूबाई दारातच उभ्या होत्या. इंदूबाई त्यांच्याकडे बघून भरपूर हसल्या.

रविवारी ग्राहक आला. इंदूबाई अंगणात माझ्यात बसून मटार सोलत होत्या, हीटर चालू. त्याने मला सगळीकडून पाहिलं आणि तो म्हणाला, "माताजी, गाड़ी देखनी थी."

"बैठो भैया, देखो." त्यांनी त्याच्यापुढे मटार सरकवले.

तो बसला. ऊब लागली, चहा आला, त्याने सगळे मटार सोलले. किमतीचा विषय निघेना. जनार्दनराव पायरीवर उभे होते, श्वास रोखून.

"ही विकायची नाही," इंदूबाई शेवटी त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या. "निशांतला तुम्हीच सांगा."

जाताना त्या माणसाने एवढंच विचारलं, "हीटर कहाँ मिलता है?"

तेव्हापासून मी धावते कमी, उभ्या उभ्या डिझेल जास्त पिते. बॅटरी उतरेल म्हणून जनार्दनराव कुरकुरतात आणि कुरकुरत आत येऊन बसतात. स्नेहलताजीही येतात, बादली न घेता. थंडीत झाशीला आलात तर तुम्हीही या. पाय मात्र झटकून या आणि मागे बसा. पुढची सीट इंदूबाईंची आहे.