मागच्या नांगराची घंटा

शनिवारी जहाज निवृत्त होणार होतं आणि त्याचा सेवावृत्तान्त लिहायचं काम रेकॉर्ड रूममधल्या बाईंच्या गळ्यात पडलं होतं. एकतीस वर्षांचा हिशेब: रणगाडे, ट्रक, पूरग्रस्तांचं धान्य, एकदा तर सव्वाशे शेळ्या. धक्क्याची वाट बघणारं हे जहाज नव्हे. सरळ किनाऱ्यावर नाक टेकवायचं, जबडा उघडून माल उतरवायचा आणि किनाऱ्याकडे येताना मागे खोल पाण्यात टाकलेल्या नांगराचा दोर ओढत स्वतःच पाण्यात परतायचं. असं एकशे चौदा वेळा. त्यातल्या एकशे तेरा वेळा सुखरूप.

उरलेल्या एका वेळी नांगरावर बाईंचे वडील होते.

त्या दिवशी नांगर उशिरा, म्हणून किनाऱ्याच्या फार जवळ पडला आणि जहाज दोन दिवस वाळूत रुतून बसलं. सुकाणूघरातली कॅप्टनची नोंदवही सांगत होती: हुकूम दहा वाजून दहाला, नांगर दहा चौदाला. चार मिनिटांचा उशीर बाबांच्या नावावर चढला आणि त्यांचा हुद्दा उतरला. "घंटा वाजली आणि मी नांगर सोडला," हे एकच वाक्य बाबा चोवीस वर्षं बोलत होते. आता तोच उशीर पुस्तकात छापला जाणार म्हटल्यावर त्यांनी समारंभाला यायचं साफ नाकारलं होतं.

"माझी चूक ऐकून टाळ्या वाजवायला येऊ का मी?"

बाईंचा स्वभाव मुळातच संशयी. दूधवाल्याने न मागता पावशेर जास्त घातलं, तर त्या भांडं उजेडात धरून बघायच्या. नोंदवहीचं ते पानही त्यांनी तसंच धरलं. अलीकडच्या-पलीकडच्या पानांवर चहाचे डाग, खाऱ्या पाण्याने फुटलेली शाई, तीन-तीन हस्ताक्षरं. या पानावर मात्र एकच हात, एकच शाई, खाडाखोड नावाला नाही. जहाज वाळूत रुतलंय आणि लिहिणाऱ्याचा हात इतका स्थिर? हे पान मागाहून निवांत बसून लिहिलेलं दिसत होतं.

वरच्या सुकाणूघराच्या शब्दावर विसंबायचं नाही, ही इंजिनघराची जुनी रीत. काही बिघडलं की वरचे खालच्यांकडे बोट दाखवणार, म्हणून वरून आलेली हुकुमाची प्रत्येक घंटा खालचे आपल्या वहीत वेळेसकट लिहीत. मागच्या नांगराची घंटाही खाली वाजे, कारण त्याच्या यंत्राला वीज खालूनच सोडायची असे. ती वही लिहायचे वंगणकाका, बाबांचे दोस्त.

वंगणकाकांनी दार अर्धंच उघडलं. "वही? कसली वही?"

"काका, तुम्ही जन्मात काही फेकलं नाहीत. काकू आयुष्यभर रडल्या त्यावरून."

"बापाने पाठवलं?"

"त्यांना पत्ताही नाही."

काका आत गेले, बऱ्याच वेळाने आले. वही तेलकट, काळी, घाणेरडी. बाईंना बघताक्षणी विश्वासार्ह वाटली. 'मागचा नांगर, घंटा, १०:१४.'

"तेव्हा का नाही दाखवलीत?"

"तेव्हा माझ्या बढतीचा कागद कॅप्टनच्या टेबलावर होता, पोरी."

"आणि आज?"

"आज गुडघे गेलेत, आता बढती कसली? माझं नाव मात्र घालू नकोस."

बाईंना यातलं निम्मंच पटलं. पण वही अख्खी पटली.

मसुद्यावर सही करायचा मान त्याच कॅप्टनसाहेबांचा होता. आता केस पांढरे, बोलणं साखरेत घोळलेलं. "वडील बरे आहेत ना?" त्यांनी स्वतःहून विचारलं, तेव्हाच बाई सावध झाल्या. साहेबांनी त्या दिवसाचा परिच्छेद वाचला, तेलकट वही उलटली आणि चष्मा काढून पुसायला घेतला.

"बाई, आनंदाच्या प्रसंगी हे उकरायचं कशाला? अख्खा परिच्छेदच काढून टाकू. दोष कुणालाच नको."

"काढते की. मग एकशे तेरा वेळा लिहू ना? पत्रिकेवर एकशे चौदा छापलंय."

"ते कोण मोजतंय?"

"मी. आणि तुमच्या पदकाचं कसं करू, साहेब? रुतलेल्या जहाजावर दोन दिवस दवाखाना चालवलात, त्याचंच ना ते? परिच्छेद गेला की पदकही गेलं."

साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला. मग सही केली. तारीख टाकायला विसरले. बाईंनी कागद परत पुढे सरकवून तीही टाकून घेतली.

घरी बाबांनी छापील पान तीनदा वाचलं. 'हुकूम १०:१४, नांगर १०:१४. नांगरखलाशाकडून उशीर झाला नाही.'

"सही त्याचीच कशावरून?"

"माझ्यासमोर केली."

"यात त्याचा काही डाव असणार."

"असेल. पण छापून झालंय."

बाबा कागदावरून बोट फिरवत म्हणाले, "ही वेळ इंजिनघराच्या वहीतली. वंगण्याने दिली?"

"मी नाव घेणार नाही म्हणून कबूल केलंय."

"म्हणजे त्यानेच." त्यांचा आवाज चढला. "दर रविवारी माझ्याशी पत्ते खेळतो गं हा! चोवीस वर्षं! आणि वही घरात?"

"बाबा, रक्तदाब."

"शनिवारी येणार आहे का तो?"

"येतील."

बाबांनी कागद नीट चौकोनी घडी करून खिशात घातला. "माझा पांढरा शर्ट इस्त्रीला टाक."

आनंदाने चालले की भांडायला, हे बाईंनी विचारलं नाही. शर्ट तेवढा बाहेर काढला.