काटे ताळ्यावर

शनिवारी सकाळी दीपमालानं सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोटरसायकलची किल्ली फिरवली, डावा इंडिकेटर लावला आणि पेट्रोलचा काटाही त्याच्याबरोबर मान डोलवायला लागला. दिवा लागला की काटा खाली, विझला की वर. हेडलाइट लावला तर गाडी जागेवर उभी असताना स्पीडचा काटा वीसवर जाऊन थरथरला. हॉर्न दाबला तेव्हा तर मीटरमधले सगळे दिवे एकदम मंदावले.

"अरे यार!" ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तिला अलवरला निघायचं होतं. पन्नाशी ओलांडल्यावर मोटरसायकल शिकलेली दीपमाला रामटेके, मूळची नागपूरची, दिल्लीत एका मंत्रालयात अधिकारी, पहिल्यांदाच बायकांच्या रायडिंग ग्रुपबरोबर लांब जाणार होती. ग्रुपची प्रमुख निधी नियमांची पक्की. निघण्याआधी ती प्रत्येक गाडीचे दिवे, हॉर्न, मीटर तपासायची आणि काही बिघडलेलं असेल तर सरळ घरी पाठवायची.

दीपमालानं मेकॅनिकला फोन लावला. मागून बँडचा आवाज येत होता. "मॅडम, शादी में आया हूँ. मंगल को देखता हूँ."

ती वर आली तेव्हा तिचे पती धम्मपाल बाल्कनीतल्या उन्हात पेपर वाचत बसले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "अरेरे. मग आता? पुढच्या वेळी जा." आवाजात हळहळ होती, पण चेहरा एकदम मोकळा झाला होता. नोएडाहून गुरुग्राम, मानेसर, पुढे राजस्थानचा हायवे, ते ट्रक, ते रॉंग साइडनं येणारे ट्रॅक्टर. आठवडाभर त्यांच्या डोळ्यांपुढे हेच चाललं होतं.

"तुम्हाला बरं वाटलं ना?" दीपमालानं विचारलं.

"छे, मला कशाला..."

"अहो, तुमचं तोंडच सांगतंय."

ती कपाटातून मल्टीमीटर, पाने आणि टॉर्च घेऊन खाली निघून गेली. धम्मपालांनी पेपर पुन्हा उघडला, पण एकही ओळ डोक्यात शिरेना. शेवटी चहाचे दोन कप घेऊन तेही खाली गेले.

दीपमालाचा चेहरा रडवेला झाला होता. "बॅटरी ठीक आहे. फ्यूज ठीक. कनेक्टर सगळे काढून परत लावले. नवीन मीटर बसवावा लागणार बहुतेक."

"मीटर बिघडला म्हणून हॉर्न कसा बिघडेल?" धम्मपाल सहज बोलून गेले.

तिनं वर बघितलं. "काय म्हणालात?"

"अगं, पेट्रोलचा काटा वेगळा, स्पीडचा वेगळा, हॉर्न तर कुठल्या कुठे. सगळे एकाच दिवशी कसे बिघडतील?" त्यांनी कप सीटवर ठेवला. सारी नोकरी ऑडिटमध्ये गेलेली. "ऑफिसात सगळ्या विभागांत सारखीच चूक दिसली ना, की मी विभाग तपासत बसत नाही. सगळ्यांच्या फायली ज्या टेबलावरून जातात, ते टेबल बघतो. ह्यांचं टेबल कुठलं?"

दीपमालानं वायरींकडे बघितलं. मग तिचे डोळे मोठे झाले. "अर्थिंग! अहो, अर्थिंग! करंट प्रत्येकाकडे वेगळ्या वायरनं जातो, पण परत बॅटरीकडे येताना सगळ्यांचा रस्ता एकच. ह्या काळ्या वायरी!"

"आणि तो रस्ता बंद असेल तर?"

"तर तो दुसऱ्याच्या गल्लीतून घुसतो! इंडिकेटरचा करंट पेट्रोलच्या काट्यातून! म्हणून तो नाचतोय!"

"मग बघ ना पटकन!" धम्मपाल म्हणाले आणि चक्क जमिनीवर मांडी घालून बसले.

घरातल्या बल्बलाही हात लावायला घाबरणारा हा माणूस. दीपमालानं वायरचा एक लांब तुकडा घेतला. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलं, दुसरं हेडलाइटमागच्या काळ्या वायरींच्या जोडावर धरलं. "किल्ली फिरवा. इंडिकेटर लावा."

धम्मपालांनी दोन बोटांनी, गरम तव्याला हात लावावा तसं, बटण सरकवलं.

इंडिकेटर झगझगीत लुकलुकायला लागला. पेट्रोलचा काटा जागचा हलला नाही.

"सोड! वायर सोड जरा!" ते ओरडले. तिनं हात काढला, काटा डोलायला लागला. "लाव!" काटा गप्प. "सोड! लाव!" त्यांनी हॉर्न दाबला, तो असा खणखणीत वाजला की वरच्या दोन-तीन गॅलऱ्यांतून माणसं डोकावली. तळमजल्यावरच्या शर्मा आंटींनी विचारलं, "भाईसाहब, सब ठीक है?"

"एकदम ठीक, आंटीजी! पकडा गया!" धम्मपाल हात वर करून म्हणाले.

पण नेमकं पकडायचं अजून बाकीच होतं. ती काळी वायर टाकीखाली कुठेतरी जात होती. दीपमालानं बॅटरी सोडवली, पेट्रोलचा कॉक बंद करून नळी काढली, दोघांनी मिळून टाकी उचलली आणि बाजूला सतरंजीवर ठेवली. टॉर्चच्या उजेडात वायरीचं टोक सापडलं. एका बोल्टखाली, फ्रेमवर घट्ट आवळलेलं. ना गंज, ना तुटलेली तार.

"हे तर उत्तम दिसतंय," धम्मपाल हिरमुसले.

दीपमाला मात्र त्या बोल्टकडे बघत राहिली आणि एकाएकी हसत सुटली. दिवाळीच्या सुट्टीत तिनं सगळी गाडी सुटी करून फ्रेम स्वतः रंगवली होती. गडद हिरवा रंग, एकावर एक हात देऊन, आरशासारखा. परवाच सगळे भाग परत जोडले होते. वायर फ्रेमवर आवळली होती, पण मधे तो सुंदर रंग होता. लोखंडाला ती शिवतच नव्हती. थोडाफार करंट काय तो बोल्टच्या आट्यांमधून निसटत होता.

"रंगातून वीज कशी जाणार!" ती म्हणाली. "माझीच कारागिरी!"

"दे, मी घासतो." धम्मपालांनी तिच्या हातातून पॉलिश पेपर जवळजवळ हिसकावूनच घेतला. एवढ्याशा जागेचा रंग निघून खाली लोखंड चकाकायला लागलं, तसतसे ते आणखी जोरात घासायला लागले.

"बास, अहो! अख्खी गाडी घासाल!"

वायर बसली. बोल्ट आवळला. टाकी चढली, बॅटरी जोडली. दीपमालानं किल्ली फिरवली. डावा इंडिकेटर. उजवा. हेडलाइट. ब्रेक लाइट. सगळं लख्ख, आणि काटे आपापल्या जागी शांत. हॉर्न दाबला, तर आवाजच नाही.

"आता काय झालं?" धम्मपालांचा आवाज चिरकला.

तिनं वाकून बघितलं, बोटानं चाचपलं. टाकी बसवताना हॉर्नची वायर ओढली जाऊन निघाली होती. खटकन परत लावली आणि हॉर्न दाबला. शर्मा आंटी पुन्हा बाहेर आल्या.

"स्पीडचा काटा उभ्यानं कळणार नाही," दीपमाला हेल्मेट घालत म्हणाली. "एक चक्कर मारून येते."

"थांब. चालवताना तू रस्ता बघणार की काटा? मी बघतो." त्यांनी मुलीचं जुनं गुलाबी हेल्मेट शोधून आणलं आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोच्या मागे मोटरसायकलवर बसले.

गेटबाहेर सेक्टरचा रुंद रस्ता दुपारच्या उन्हात रिकामा पडला होता. दीपमालानं गिअर बदलला. धम्मपाल तिच्या खांद्यावरून वाकून ओरडत होते. "वीस! पंचवीस! अगं, काय सुरेख चढतोय! तीस! जरासुद्धा थरथर नाही!"

"बघितलात ना? आता वळवू?"

"वळवतेस काय? चाळीसला कसा दिसतो ते बघू दे!"

ती एवढी हसली की हेल्मेटची काच धुरकटली. तिनं ती वर सरकवली आणि चाळीसपर्यंत नेली.

रविवारी दुपारी अलवरहून तिनं पहिला फोटो पाठवला, तो मीटरचा होता. धम्मपालांनी तो बोटांनी मोठा केला, काटे नीट बघितले, आणि शर्मा आंटींना दाखवायला खाली गेले.