फुटलं नाही म्हणून

विमा कंपनीच्या फोनवरचं संगीत तिला आता पाठ झालं होतं. सकाळपासून ही चौथी खेप. एक दाबा, तीन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा होता म्हणूनच बहुधा तो कुणी उचलत नव्हतं.

तिचा कारखाना म्हणजे दोन खोल्या, एक म्हातारी भट्टी आणि पाच माणसं. प्रयोगशाळेत लागणारी काचेची भांडी ती बनवायची आणि तिचे बाबा ती पेट्यांमध्ये भरायचे. परदेशातल्या एका कॉलेजची ऑर्डर मिळाली, बावीस पेट्या जहाजावर चढल्या, आणि निम्म्या वाटेवर कुठल्याशा बंदरात जहाजाने धक्क्यालाच धडक दिली. जहाज कंपनीने सगळा माल तिथेच उतरवला, आमचा प्रवास इथे संपला असं कळवलं आणि हात वर केले. तिथल्या गोदामाचं भाडं आणि पुढच्या जहाजाचा खर्च ज्याचा त्याने बघायचा. बघायला तिच्याकडे फक्त नव्या भट्टीसाठी तीन वर्षं साठवलेले पैसे होते. विम्याने खर्च दिला तर भट्टी, नाहीतर जुनीचीच मनधरणी.

पण तिने विमा घेतला होता, आणि तोसुद्धा 'जादा खर्च आणि विलंब' असं वेगळं पान जोडून. ते पान थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने विकलं होतं. "मेहुणीबाई," भावोजी म्हणाले होते, "हे पान असलं की जहाज उशिरा येवो नाहीतर उलटं येवो, तुम्ही खुशाल झोपा. डोळे झाकून सही करा." तिने तशीच केली होती, आणि आता त्या सहीकडे बघून स्वतःचाच राग येत होता.

शेवटी एका बाईचा आवाज आला.

"मॅडम, तुमच्या पेट्यांचा तपासणी अहवाल आलाय, तुम्हालाही मेल केलाय. अभिनंदन, एकही वस्तू फुटलेली नाही."

"बरं झालं. आता पुढे पाठवायचा खर्च कधी मिळेल?"

"तो नाही मिळणार. मालाला इजा झाल्यामुळे उशीर झाला, तरच जादा खर्च मिळतो. तुमचा माल सुखरूप आहे."

"अहो, माल सुखरूप आहे, पण अर्ध्या वाटेवर पडलाय ना."

"हो, पण सुखरूप पडलाय."

"आणि एखादी नळी फुटली असती तर?"

"तर विचार करता आला असता. त्याच जहाजावरच्या फरशीवाल्यांचा अर्धा माल चुरा झाला, त्यांचा खर्च मंजूर झालाय. आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?"

तिने फोन ठेवला. भावोजींना लावला तर ते म्हणाले, "नीट शोधायला सांगा, एखादा तडा असेलच की. काच आहे शेवटी." काच होती, पण भरणारे बाबा होते ना. प्रत्येक नळी वेगळी गुंडाळायची, कागदाच्या कातरणात बसवायची, झाकण ठोकलं की पेटी उचलून कानाशी हलवायची, आणि आतून जरा जरी आवाज आला तरी खिळे उपटून पहिल्यापासून. चाळीस वर्षांत त्यांच्या पेटीतलं काही फुटलं नव्हतं.

बाबा दारातच उभे होते. अहवाल आला एवढंच त्यांनी ऐकलं होतं.

"काय लिहिलंय?"

"एकही नग फुटलेला नाही. पॅकिंग उत्कृष्ट."

"उत्कृष्ट असा शब्द लिहिलाय?"

"हो, बाबा."

"परत एकदा वाच बघू."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "एक तरी फुटू द्यायची होतीत," ती म्हणाली. "बावीस पेट्यांत एक नळी. भट्टी आली असती. तुमच्या या उत्कृष्टपायी मी बुडाले."

बोलून झाल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. चष्मा काढून सदऱ्याला पुसत बाबा आतल्या खोलीत गेले.

दुसऱ्या दिवशी तिने भट्टीचे पैसे पुढच्या जहाजासाठी भरून टाकले. कॉलेजला माल अखेर मिळाला, त्यांचं आभाराचं पत्रही आलं. ते तिने बाबांना वाचून दाखवलं, तर ते "बरं" म्हणाले आणि कातरण करत राहिले. माफी मागायची म्हणून ती दोनदा त्यांच्याजवळ गेली आणि दोन्ही वेळा खिळ्यांचा भाव विचारून परत आली.

त्यानंतर पंधरवड्याने दुसरी ऑर्डर निघाली. चार पेट्या दुपारी जायच्या होत्या. तीन ठोकून तयार, चौथी उघडीच. बाबा त्या पेटीसमोर बसून होते आणि बाजूला उपसलेल्या कातरणाचा ढीग पडला होता. ट्रकवाला बाहेर भोंगा वाजवत होता.

"बाबा, झालं का?"

"नाही झालं."

"सकाळपासून एक पेटी होत नाही?"

"तू म्हणालीस ना, एक तरी फुटायला हवी." बाबांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "म्हटलं, ही एक नळी सैल ठेवावी. तुझ्या विम्यासाठी. पाच वेळा ठेवली. झाकण लावायला गेलो की हात आपोआप आत जातो आणि घट्ट करून येतो." त्यांनी दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवले. "तूच ठेव बाई सैल. मला नाही जमत."

तिला रडू फुटलं. ती खाली बसली, ढिगातलं मूठभर कातरण उचललं आणि नळीच्या दोन्ही बाजूंना दाबून भरायला लागली. बाबा पुढे वाकले.

"असं नाही," ते म्हणाले. "खालून भर आधी."