पेट्यांची खुशाली

“पाण्यात उतरलं का हाक देत राहाची, बाबू. पल्याडून जवाब आला नाई का जाळं सोडाचं अन् आधी माणूस पाहाचा.”

मनसाराम लेकाला पहिल्यांदा वैनगंगेवर घेऊन गेला तेव्हा असं म्हणाला होता. पुढे तो वारला, लेक भूपेश मोठा होऊन मालाच्या जहाजावर खलाशी झाला, तरी गिरजाच्या कानातून नवऱ्याचा तो आवाज जात नव्हता. आता भूपेशही गेला होता. फोनवर कोणीतरी एवढंच सांगितलं, लाटेने ओढला. देह सापडला नाही. त्याला शेवटी कोणी हाक तरी मारली का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

जाहिद आला तेव्हा ती तुळशीला पाणी घालत होती. चामोर्शीचा हा पोरगा, भूपेशच्या जोडीने जहाजावर लागलेला. ओसरीवर टेकला तो मान खाली घालूनच.

“आधी दोन घास भात खाय,” गिरजा म्हणाली. तिचा स्वतःचा सोमवार होता.

“गळ्याखाली उतरत नाई, मावशी.”

“मंग सांग. माह्या भूपेशले कोणी हाक देल्ली?”

जाहिद जहाजावरच्या थंड पेट्यांचं सांगू लागला. खोलीएवढ्या लोखंडी पेट्या, आत मासोळी, फळं. आधी त्यांचा थंडावा तपासायला दोघं मिळून फेरी मारत. एक पुढे, एक मागे, वाऱ्यात एकमेकांना हाका देत. मग पेट्यांना बिनतारी यंत्रं बसली. कोणती पेटी किती थंड, ते हवेतून थेट वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर येऊ लागलं. काम झपाट्याने व्हायला लागलं. फेरी बंद झाली, जोडी मोडली.

“भूपेश हासे, मावशी. म्हणे, पेटीले ताप आला का बसल्या जागी समजते, डॉक्टरच झालो आपण!”

गिरजाच्या ओठांवर हसू आलं आणि तिथंच सुकलं.

“त्या सकाळी कॉम्प्युटरवर एक पेटी लाल दाखवे. तो एकटाच गेला. घडीभरात पेटी हिरवी झाली. मले वाटलं, सब ठीक. जेवाच्या टायमाले त्याची जागा रिकामी दिसली तवा...”

“मंजे हाक नाई देल्ली.”

“नाई, मावशी. सगळं हिरवंच होतं.”

पेट्यांची खुशाली तेवढी त्या यंत्राने कळवली होती. माणसाची कळवायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. गिरजाने पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका असा फुटला की शेजारची कांता धावत आली.

बऱ्याच वेळाने तिने डोळे पुसले. “तुमी निघाले तवा मी नदीकाठच्या मार्कंडादेवाले बोलली होती, दोघंबी सुखरूप येऊ दे, अनवाणी येऊन पिंडीवर पाणी घालीन.”

कांता तडकली. “पागल झाली का वं? देवानं लेक नेला अन् तू नवस फेडाले चालली?”

“दोघांसाठी मांगतलं होतं, बाई. एक आला ना माह्या दारात. त्याचं देणं काऊन ठेवू?” मग ती जाहिदकडे वळली. “घरी जाय, बापा. माय थांबली असन जेवाची.”

तो वळणाआड होईपर्यंत ती पाहत राहिली. मग चपला दाराशीच ठेवल्या, लोटा घेतला आणि नदीकाठची वाट धरली.