चाके टेकल्यावर

तिने पहार स्प्रिंगच्या पाट्याच्या टोकाखाली घातली आणि अंगाचा भार देऊन रेटली. मागचा अ‍ॅक्सल तसूभर सरकला. खट्.

“हाच तो,” ट्रकवाला म्हणाला. “गिअर टाकला की खट्, ब्रेक दाबला की खट्. बायको म्हणते, गाडी उंच केलीत आणि तिची हाडं खिळखिळी करून बसलात.”

खाणीच्या रस्त्यावर पोट घासते म्हणून महिनाभरापूर्वी त्याने याच गॅरेजात नवे पाटे बसवून ट्रक वीतभर उंच करून घेतला होता. ती त्या आठवड्यात सासूच्या उशाशी दवाखान्यात होती. काम वडिलांनी एकट्याने उरकले होते.

सकाळपासून तिने शाफ्टचे क्रॉस हलवून पाहिले, यू-बोल्ट तपासले. सारे ठीक होते. आता ट्रक लिफ्टवर होता, चाके हवेत लोंबत होती, आणि बॅटरीच्या उजेडात पाट्याच्या टोकाला वळवलेल्या डोळ्यातला, बोल्टभोवतीचा रबरी बुश पिळवटून फाटलेला दिसत होता. पलीकडचाही तसाच.

तिने बॅटरी विझवली, तरी ती तिथेच उभी राहिली. चाके जमिनीवर टेकून गाडीचे वजन आल्याशिवाय हा बोल्ट आवळायचा नाही. लटकत्या गाडीत आवळला तर रबर पिळलेलेच राहते आणि फाटते. हा धडा तिला वडिलांनीच दिला होता, तोही चारचौघांत कान उपटून.

“सापडलं का?”

“बुश गेलेत. चूक आमच्या हातची आहे. आजच बदलून देते.”

“उस्तादांच्या हातून चूक?” ट्रकवाला हसला. “मग आमच्यासारख्यांनी जीव द्यायचा की काय?”

वडील बाकावर बसून डब्यातले जुने नट निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही. ती जवळ गेली आणि आवाज उतरवून म्हणाली,

“बाबा, गाडी लटकत असतानाच आवळलेत?”

“हो.”

“विसरलात?”

त्यांनी एक नट बोटांत उगाच फिरवला.

“विसरतोय कशाला? उभ्यानं जमलं तेवढं केलं. चाकं टेकवून गाडीखाली झोपलो असतो, तर उठवायला कोण होतं?”

ती नवे बुश काढायला कपाटाकडे वळली.

नवे बुश बसेपर्यंत दुपार कलली. ट्रक खाली आला, चाके टेकली, पाटे दबले. तिने पुठ्ठा अंथरला, तोच वडील एकेक गुडघा टेकत शेजारी आले आणि पाना मागू लागले.

“राहू द्या, मी करते.”

“सरक म्हटलं ना.”

दोघे गाडीखाली गेले. तिने मागून नट धरला, त्यांनी आवळला. मग दुसरा. ट्रकवाला वाकून म्हणाला,

“काय, बापलेकीनं इथंच बिऱ्हाड मांडलंत?”

शेवटचा बोल्ट आवळून झाला. वडिलांना धाप लागली होती. पाना मात्र बोल्टवरच होता. चाकाशेजारी ट्रकवाल्याचे बूट उभे होते.

“झालं का?”

तिने वडिलांकडे पाहिले. ते पाट्याकडे पाहत होते.

“थोडं राहिलंय,” ती म्हणाली. “तुम्ही कोपऱ्यावर चहा घेऊन या तोवर.”

बूट वळले, फाटकाशी कुणाशी तरी बोलत रेंगाळले, मग दिसेनासे झाले. वडील आणखी काही क्षण तसेच पडून राहिले. मग त्यांनी पाना तिच्याकडे दिला, आणि मोकळा झालेला हात मागे घेतला नाही.