मधोमध कापलेली सागाची पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सागाची पट्टी आहे. खरं तर अर्धीच आहे. माझ्या दुसऱ्या अर्धीचं काय झालं ते ऐका, आणि घरात वाटणीचा विषय निघेल तेव्हा मला आठवा.

मी पारशिवनीकडच्या जंगलातली. नागपुरात, जुन्या शुक्रवारीत, रंभाबाई विटामातीचं घर बांधत होती. नवरा गेलेला, पदरी दोन मुलं. रामाजी मिस्त्रीनं दाराच्या उंचीवर चारही भिंतींच्या पोटात आम्हा बहिणींना घातलं आणि कोपऱ्यांत खाचा पाडून एकमेकींत अडकवलं. "जमीन हालली त भिंती एकमेकीले धरून राहतीन," तो म्हणाला. वरून माती लिंपली आणि सगळे मला विसरले. मला त्याचं वाईट वाटलं नाही, कारण मी माझं काम करत होते.

मुलं मोठी झाली आणि चुली वेगळ्या झाल्या. थोरले गोपाळराव, धाकटे मारोतराव. भांडी वाटली, विहिरीचे दिवस वाटले, आईसुद्धा वाटली. एका महिन्याच्या पहिलीपासून तीस दिवस याच्याकडे, पुढच्या पहिलीपासून तीस दिवस त्याच्याकडे. मधली नवी भिंत समोरच्या भिंतीत सांधताना मी सापडले. निम्मी याच्याकडे, निम्मी त्याच्याकडे! भावाच्या हिश्श्यात आपलं लाकूड नको, यावर मात्र दोघांचं चटकन एकमत झालं.

म्हातारा रामाजी काठी टेकत आला. "कापू नका गा. कापली त समोरची भिंत मोकळी होते."

दोघे हसले. मारोतरावांनी विचारलं, "तुह्या बापाची आहे काय?" मग दोरी धरून बरोबर मध्य काढला आणि करवत चालवली.

पुढं एकतीस दिवसांचा महिना आला. शेवटच्या दिवशी सकाळी रंभाबाई गाठोडं घेऊन दोन्ही दारं फिरली. गोपाळरावांनी तिला भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. मारोतरावांनी उद्या यायला सांगितलं.

"मंग एकतीसले मी कुठी जाऊ गा?" तिनं विचारलं.

दारं लागली. ती ओट्यावर बसली, माझ्या कापाच्या अगदी खाली. जमीन थरथरली ती तेव्हाच. बहिणींनी बाकीच्या भिंती धरून ठेवल्या. मी दुसऱ्या अर्धीला धरायला गेले, पण धरायला काही नव्हतं. भिंत बाहेरच्या अंगाला पडली. आतल्या कोणालाही साधं खरचटलं नाही.

सरणाची लाकडं निम्मी निम्मी आणायची ठरली. मारोतरावांनी ढिगाऱ्यातली आपली अर्धी उचलून त्यात घातली. गोपाळरावांनी मला घरी ठेवलं. सागाचं लाकूड जाळणं त्यांच्या जिवावर आलं. तेव्हापासून मी त्यांच्या दारापुढच्या नालीवर पडले आहे, आणि येणारे जाणारे माझ्यावर पाय देतात.

आपल्या हिश्श्यातली समोरची भिंत पुन्हा बांधताना मात्र गोपाळरावांनी तिच्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकसंध पट्टी घातली. हे शहाणपण त्यांना आईच्या जिवाच्या मोलानं मिळालं. मित्रांनो, तुम्ही ते फुकट घ्या. घर वाटा, पण घराला धरून ठेवणारं जे असेल ते सगळ्यांचं राहू द्या.

परवा घर वाटून घेताना गोपाळरावांच्या दोन मुलांनी त्या नव्या पट्टीवर दोरी धरली. गोपाळराव ओट्यावरून म्हणाले, "कापू नका गा."

मुलं हसली.